ब्लाऊजच्या मापासाठी उपाशी राहू नका

लग्नसराईत तेल्हाऱ्याच्या बाजारात पांढरी साडी घेतली की मुली ब्लाऊज शिवायला टाकतात आणि शिंप्याला सांगतात, "दोन इंच कमीच धरा, लग्नापर्यंत मी बारीक होते." मग महिनाभर नुसता चहा आणि रात्री उपास. हे आम्हाला मुळीच पटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यात आणखी उपास? तथागतांनी देह झिजवणे सोडून सुजाताची खीर घेतली, हे विहारात ऐकणारी घरे मुलीला मात्र उपाशी ठेवतात. नवरदेवाच्या पोटाचे माप कोणी काढत नाही, ते वेगळेच!

वजन खरेच जास्त असेल तर आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. भाकर, वरण, पालेभाजी, अंडी सोडू नका. तेल, साखर, समोसा कमी करा, रोज चाला. ब्लाऊज आजच्याच मापाचा शिवा, बाजूच्या शिवणीत इंचभर कापड आत सोडायला सांगा. ढिला झाला तर टीप मारून आवळता येतो. कमी कापलेला वाढवणार कुठून? शेवटचे माप लग्नाच्या आठ दिवस आधी द्या.

आणि तपासायचेच तर दोघांचे रक्त तपासा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. साडी घेण्याआधी, सोयरीक पक्की होण्याआधीच करून घ्या.