‘बसतंय की’ म्हणून बसवलेला सेल्फ आणि धक्का मारणारे आपण

परवा बाजाराच्या दिवशी स्टँडजवळच्या उतारावर वडापची जीप बंद पडली. ड्रायव्हर नेहमीप्रमाणे म्हणाला, "चला, दोघं-चौघं उतरा, जरा हात लावा." नेहमीप्रमाणे चौघं उतरली. पुढे टेम्पो आडवा होता म्हणून गाडी आधी थोडी मागे घ्यायची ठरली, आणि त्या गडबडीत अकरावीतल्या एका पोराच्या पायावरून चाक गेलं. दोन बोटं मोडली. प्लास्टर घालून घरी बसलंय. आणि गावात दोन दिवस चर्चा काय, तर "पोरानं बघायला नको का?"

या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितोय. पोराचं चुकलं म्हणे!

मी 21 वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय, त्यामुळे गर्दी पांगल्यावर बॉनेट उघडून बघितल्याशिवाय राहवलं नाही. गाडी जुनी कमांडर. मूळचं 2112 सीसीचं प्यूजो इंजिन काढून महिंद्राचंच 2523 सीसीचं डीआय बसवलेलं. यात नवल काही नाही, आपल्या भागात अशा गाड्या ढिगानं आहेत. डीआयला ताकद आहे, पार्ट मिळतात, मिस्त्रींना हातखंडा काम आहे. माझा इंजिन बदलण्याला विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये "गरिबाच्या पोटावर पाय" सुरू होईल. त्यावर येतोच.

सेल्फ मात्र तिसऱ्याच गाडीचा होता. भोकं जुळत नव्हती म्हणून गोल कानशीनं लांबट केलेली. एका बोल्टखाली दोन वायसर, दुसऱ्याखाली एकही नाही. म्हणजे सेल्फ तिरका. ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "मिस्त्री म्हणला बसतंय की."

बसतंय की! या दोन शब्दांवर आपल्या तालुक्याची निम्मी वाहतूक चाललीय.

आता ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी. सेल्फच्या तोंडाला एक छोटं दातेरी चाक असतं, आपण त्याला बेंडिक्स म्हणतो. किल्ली फिरवली की ते पुढे सरकतं आणि फ्लायव्हीलच्या रिंगच्या दातांत अडकतं. बेंडिक्सला साधारण 9-10 दात, रिंगला शंभराच्या वर. म्हणजे सेल्फ दहा-बारा फेरे मारतो तेव्हा इंजिनचा एक फेरा होतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून दाबून तापवावी लागते, म्हणून ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जड फिरतं. त्याला साधारण 2 किलोवॅटच्या आसपासचा सेल्फ लागतो. पेट्रोल गाडीचा एक किलोवॅटचा सेल्फ डिझेलला जोडला, तर तो गार इंजिनवर रडतो आणि बघता बघता जळतो.

आणि इथेच मिस्त्री लोकांची मुख्य चूक होते. ते बघतात, सेल्फ हाउसिंगच्या भोकात बसतो का. अरे, पण भोक हाउसिंगला आहे आणि रिंग फ्लायव्हीलवर आहे! इंजिन बदलताना पुष्कळदा इंजिन आणि फ्लायव्हील येतं एका घरचं, गिअरबॉक्स आणि हाउसिंग राहतं दुसऱ्या घरचं, मध्ये लेथवाल्याकडून पाडून आणलेली अ‍ॅडॉप्टर प्लेट. ती प्लेट 10-12 मिलिमीटरची असली तर रिंग सेल्फच्या तोंडापासून तितकीच लांब किंवा जवळ सरकते. दातांचं माप वेगळं, अंतर वेगळं, खोली वेगळी. सोयरीक जमवताना हे तिन्ही बघायचं असतं. नुसतं भोक नाही.

दात फार घट्ट बसले तर गाडी चालू झाल्यावर किंकाळीसारखा आवाज येतो, सैल बसले तर चालू होण्याआधी किर्रर्र होतं. हा किर्रर्र आवाज म्हणजे रिंगचे दात खाल्ले जातायत. आपल्या स्टँडवर सकाळी सहाला उभं राहा, दहातल्या किती गाड्या किर्रर्र करतात ते स्वतः मोजा.

सेल्फ फिरतो कोणत्या बाजूला, हाही एक प्रश्न आहे. काही गाड्यांत तो इंजिनच्या बाजूनं रिंगकडे तोंड करून असतो, काहींत गिअरबॉक्सच्या बाजूनं. बाजू बदलली की फिरायची दिशा उलटी लागते. एका गॅरेजमध्ये मला सांगण्यात आलं, "वायरी उलट्या जोडल्या की झालं." जुन्या गुंडाळीच्या सेल्फमध्ये बॅटरीच्या वायरी उलट्या केल्या तरी तो त्याच दिशेनं फिरतो, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. आणि मॅग्नेटवाला सेल्फ उलटा फिरला, तरी बेंडिक्सचा क्लच त्या बाजूला धरत नाही, नुसता गरगर फिरतो. हे आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असतं. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्याला नसावं?

अर्थिंगचं तर बोलूच नका. इंजिन रबराच्या माउंटवर बसतं. म्हणजे चेसिसपासून वेगळं. त्याला जाड अर्थ पट्टी लागतेच, आणि इंजिन बदलताना हीच पट्टी हमखास विसरली जाते. मग सेल्फचा दोन-तीनशे अँपिअर करंट परतीचा रस्ता शोधतो, आणि तो त्याला अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून सापडतो. केबल तापते, तिचं प्लॅस्टिक वितळतं. बॅटरीवरून सेल्फला जाणाऱ्या जाड वायरला बहुतेक गाड्यांत फ्यूजही नसतो. ती सायलेन्सरच्या पाइपला घासत असेल, तर मागे बसलेल्या चौदा माणसांचं काय, हे तुम्हीच बघा. (होय, चौदा. मी मोजलेत.)

आता गरिबाच्या पोटाबद्दल. वडापवाला श्रीमंत नाही, मान्य. त्याच्या गाडीचा हप्ता, डिझेल, पोरांची फी, सगळं मला दिसतं. पण हिशेब नीट मांडा. सेल्फमध्ये दोन-तीन हजार वाचवले. वर्षभरात रिंग खाल्ली गेली. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, क्लच काढावा लागतो, फ्लायव्हील काढावं लागतं. दोन दिवस गाडी उभी, धंदा बुडाला, मजुरी वेगळी. आणि रिंग बदलून पुन्हा तोच तिरका सेल्फ! शिवाय सेल्फचा भरवसा नाही म्हणून ड्रायव्हर इंजिन बंदच करत नाही. स्टँडवर पॅसेंजर भरेपर्यंत पाऊण तास घरघर चालू. रिकामं चालणारं असं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पितं. दिवसाला चार खेपा धरल्या तर महिन्याला किती, तो गुणाकार वडापवाल्यानं स्वतः करावा. पैसे त्याचेच जातायत. मिस्त्रीचे नाही.

शासनाचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, आणि इंजिन बदललं तर त्याची नोंद आरटीओकडे व्हायला हवी. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं बजावलं. कागदावर कडक आहे सगळं. पण प्रवासी गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असली की दर वर्षी फिटनेसला न्यावी लागते, आणि तिथे मी स्वतः जे पाहिलं ते असं : इंजिन नंबर बघितला, दिवे लावले, हॉर्न वाजवला, धुराचा कागद बघितला, शिक्का. गाडी चालू अवस्थेतच आत आली आणि चालू अवस्थेतच बाहेर गेली. "बंद कर आणि पुन्हा चालू करून दाखव" असं कुणी म्हणालं नाही. एवढं एक वाक्य म्हणायला कुठला नवा जीआर लागतो?

कडक कायद्याचा उलटा परिणामही होतो, तोही सांगतो. नोंद होणारच नाही म्हटल्यावर काम चोरून होतं. चोरून केलेल्या कामाचं बिल नसतं. बिल नाही म्हणजे कुठल्या गाडीचा सेल्फ, कुठल्या गाडीची रिंग, याची कुठे नोंदच नाही. उद्या काही झालं तर मिस्त्री म्हणणार "मी नाही बसवला", आणि ड्रायव्हर एकटा अडकणार.

चांगलं काम करणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत, मी त्यांच्याबरोबर राबलोय. ते इंजिन घेताना त्याच गाडीचं फ्लायव्हील, हाउसिंग आणि सेल्फ एकत्र घेतात. ते जमलं नाही तर सेल्फ बसवल्यावर बॅटरी काढून बेंडिक्स हातानं पुढे ओढतात, फ्लायव्हील पूर्ण एक फेरा फिरवतात आणि तीन-चार ठिकाणी दातांमधली फट बघतात. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते तपासतात. सेल्फ मोकळा असताना बेंडिक्स आणि रिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा आहे ना, तेही बघतात. अर्ध्या तासाचं काम आहे. या अर्ध्या तासाची मजुरी द्यायला आपण कुरकुरतो, आणि गाडी बंद पडली की चौदा जणांपैकी चौघं फुकट धक्का मारायला उतरतो. त्यात मीही असतो, कबूल.

सोमवारी सकाळी 11 वाजता आरटीओत अर्ज देतोय. मागण्या दोनच. फिटनेसला प्रत्येक प्रवासी गाडी गरम इंजिनवर तीनदा बंद-चालू करून दाखवायची आणि बॉनेट उघडून सेल्फचे बोल्ट, वायर व अर्थ पट्टी बघायची. आणि इंजिन बदलणाऱ्या गॅरेजनं इंजिन, फ्लायव्हील, हाउसिंग, सेल्फ कुठल्या गाडीचे आहेत ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं. सह्या स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर रविवारी संध्याकाळपर्यंत घेतोय. वडापवाल्यांनीही यावं, दोघांनी आत्ताच सही केलीय. त्यातला एक त्याच जीपचा ड्रायव्हर आहे.