खरं म्हणून सांगितलेल्या गोष्टी

‘वन स्टेप बियाँड’ ही जुनी अमेरिकन मालिका. जानेवारी १९५९ ते जुलै १९६१ या काळात एबीसी वाहिनीवर तिचे ९६ भाग झाले. दर भागात नवी गोष्ट. कुणाला पुढचं आधीच दिसतं, तर कुणाला मेलेलं माणूस भेटतं. सूत्रधार आणि दिग्दर्शक जॉन न्यूलंड शांतपणे सांगायचे की हे घडलेलं आहे. १९५९च्याच ऑक्टोबरात रॉड सर्लिंग यांची ‘ट्वायलाइट झोन’ आली, पण ती उघड कल्पित होती.

न्यूलंड यांच्या एका भागात टायटॅनिक बुडण्याआधीच काहींना चाहूल लागते. बघताना अंगावर काटा येतो. पण आम्ही नर्स मंडळींनी वॉर्डात रात्रपाळ्या काढल्यात. काळजीनं खंगलेल्या नातेवाइकांना वाईट स्वप्नं पडायचीच. पेशंट बरा होऊन घरी गेला की स्वप्न विसरलं जाई. दगावला, तर तेच जन्मभर लक्षात राही, आणि ‘मला कळलं होतं, तरी मी घरी गेले’ ही बोचणीसुद्धा.

तेव्हा मालिका मिळाली तर जरूर बघा. पण स्वप्नापायी कुणी स्वतःला दोष देऊ नका.