घरीच करून घ्या!

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," ही म्हण आपल्या फार आवडीची. पाय गुटगुटीत असले, लाथा जोरकस असल्या की ती हमखास आठवते. पण पाळण्यातले पाय ताठ राहत असतील, मूल वेळेवर मान धरीत नसेल, तर त्या म्हणीला कोणी विचारीत नाही. तेव्हा दुसरे शास्त्र पुढे येते: "होईल हळूहळू. याचा बापही उशिराच चालला होता!" मेंदू सर्वांत झपाट्याने घडतो तीच पहिली दोन-तीन वर्षे या शास्त्राच्या पायी किती मुलांची वाया जातात!

पण या शास्त्राला शहाण्या लोकांनी पुष्कळदा झोडपले आहे. माझे भांडण त्याच्या पुढच्या मुक्कामाशी आहे. मूल दाखवले, उपचार ठरले, मग फाइल मिटता मिटता आईला सांगण्यात येते, "एवढे आता घरीच करून घ्या."

वाचकहो, या एका वाक्याने किती जण मोकळे होतात पाहा! तज्ज्ञ मोकळे, सरकार मोकळे, घरातले पुरुष तर आधीपासूनच मोकळे. अडकते ती एकटी आई.

मी भीमेकाठच्या वडगाव रासाईत राहते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. बालवर्गाला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझी धाकटी तीन वर्षांची आहे. ती उशिरा बसली, उशिरा उभी राहिली आणि अजून मोजकेच शब्द बोलते. सकाळी तिचे पाय ताणायचे, दुपारी बुटक्या स्टुलावर बसवून एका वाटीतले चवळीचे दाणे दुसऱ्या वाटीत टाकायला लावायचे, संध्याकाळी आरशासमोर ओठांचे खेळ. काम अवघड नाही. अवघड हे की, पाय बरोबर ताणला जातो आहे की चुकीचा, हे सांगायला कोणी नाही. विचारायला पुण्याला जावे, तर अख्खा दिवस मोडतो. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली की विचारूच नका!

यावर एक गोड उत्तर तयार असते. "आईसारखा गुरू नाही!" अहो, असेल; पण कुठल्या गुरूला शिकवणीची पद्धत न शिकवता वर्गात ढकलतात? शाळेत मला नवे पुस्तक देतात तेव्हा त्याबरोबर प्रशिक्षणही देतात. मुलीच्या पायांसाठी मात्र मला एक छापील कागद आणि वर ही स्तुती. स्तुतीला पैसा पडत नाही, हेच तिचे खरे मोल.

घरी उपचार नकोत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. घरच खरी जागा. मूल खेळते, जेवते, रुसते ते घरात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील पोर्टेज या गावी 1969 साली जी योजना सुरू झाली, तिचा पायाच हा होता. पण तेथे नुसता कागद घरी येत नव्हता, दर आठवड्याला शिकवणारे माणूस घरी येत होते. इतके दूर कशाला? आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. मुले 65. शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, तर खास तयार केलेले साधे कार्यकर्ते. पालक मुलाशी खेळत, त्याचे चित्रण होई आणि मग ते दोघे मिळून पाहत. सगळ्याच बाबतींत गुण आला असे नाही. पण मुले आपण होऊन संवाद सुरू करू लागली. म्हणजे गरज मोठ्या पदवीची नव्हती, गरज होती पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसाची.

आणि सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली आपल्याच पालघरमध्ये झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र आहे. योजना चांगलीच आहे. पण दोष शोधायला गाडी गावात येते आणि उपचाराला मात्र मुलाने जिल्ह्याला जायचे, हा न्याय उफराटा नव्हे काय? ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यांचा. शब्द आपण देशभर नेला, त्यातले चालत जाणे तेवढे विसरलो. त्याच अंगणात पंधरा दिवसांतून एकदा थेरपिस्ट का येऊ नये? तोवर निदान अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना हे काम नीट शिकवावे, आणि त्याचा वेगळा मोबदलाही द्यावा. नाही तर आईच्या डोक्यावरचे ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर, एवढाच फरक!

आता घरच्या मंडळींकडे वळते. 'घरी' या शब्दाचा अर्थ 'आईने' असा कोणत्या कोशात दिला आहे? घरात बाप असतो, आजोबा असतात, काका असतो. ट्रॅक्टरचा नांगर अचूक जोडणाऱ्या हातांना तीन वर्षांच्या मुलीचा पाय धरणे जमत नाही, यावर माझा विश्वास नाही. दिवसातली वीस मिनिटे बापाने घेतली, तर आईला वीस मिनिटे नुसते बसता येईल. ती चैन नव्हे. दमलेल्या हाताने केलेला व्यायाम मुलाला खेळ वाटत नाही, शिक्षा वाटते.

दिवाळीचे दिवस आहेत. तुमच्या घरी पाहुणे येतील, तुम्हीही कुणाकडे जाल. तिथे एखादे मूल दारातल्या पणतीकडे टक लावून बसलेले दिसले, तर त्याच्या आईला "अजून बोलत नाही का हो?" असे विचारू नका. तिने ते शंभरदा ऐकले आहे. चकलीचे ताट बाजूला ठेवा, त्या मुलाशेजारी जमिनीवर मांडी घाला आणि म्हणा, "वहिनी, याचा खेळ कसा घ्यायचा ते मला शिकवा. तुम्ही तोवर चहा घ्या, गरम आहे तोच."