संशोधन गावाच्या दप्तरी यावे

डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पायी चालून जे टिपले, आणि जे इंग्रजीत १९६२ साली अमेरिकेतील एका विद्वन्मान्य नियतकालिकातून जगापुढे गेले, त्यात विद्वत्तेइतकीच व्यथाही होती. कारण दिवसभर एकाच नामघोषात चालणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी मुक्कामावर जेवायला मात्र वेगळी बसत, हे त्यांना सोसवले नाही आणि त्यांनी ते झाकलेही नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणीही (१९४५ व १९५२) याच तोलाची.

आज इंद्रायणीकाठच्या देहूत, जिथे १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सुरू केलेला पालखीसोहळा अद्याप अखंड आहे आणि पलीकडे चाकणच्या मोटार कारखान्यांच्या पाळ्या सुटत असतात, तिथे अभ्यासाला केवढा ऐवज पडून आहे! सातबाऱ्यावरून कमी झालेले नाव, मोबदल्याच्या रकमेची घरात झालेली वाटणी, कंत्राटी कामगाराने तिघांत मिळून घेतलेली खोली, तळहातावरच्या पडद्यावर ऐकले जाणारे कीर्तन : समाजशास्त्र, व्यापारशास्त्र आणि माध्यमविद्या या तिन्ही शाखांचे हे विषय आहेत. मात्र पदोन्नतीच्या गुणांकनासाठी लिहिलेला प्रबंध, ज्यांनी माहिती दिली त्यांच्याच वाचनात येत नसेल, तर तो व्यवहार आम्हांस एकतर्फी वाटतो.

प्राध्यापकांना आमची विनंती आहे : आपल्या निष्कर्षांचा मराठी गोषवारा देहूच्या नगरपंचायतीत आणि वाचनालयात पोहोचवावा, या मासिकाची पाने त्यासाठी खुली आहेत.