चिंचेवरचा माणूस
चिंचा पिकल्या की ढाणकीच्या शिवारात झोडपणाऱ्यांना बोलावणं येतं. वर चढणारा बहुधा भूमिहीन. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण सातबारावर त्याचं किंवा घरातल्या कुणाचं नाव हवं. म्हणजे झाडाच्या मालकाला आधार आहे, फांदीवरच्याला नाही! हे सरळसरळ चूक आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता सर्वसाधारणपणे १० कामगारांच्या आस्थापनेपासून लागू होते. हा गडी एकटाच. नारळ विकास मंडळ नारळावर चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ विमा चालवतं. मग चिंच-आंब्यावर चढणाऱ्यांनी काय घोडं मारलंय? निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २० रुपयांचा वार्षिक हप्ता तरी मालकाने मजुरीसोबत भरावा, आणि वर चढण्याआधी कमरेला दोर बांधायला लावावा.