तिसरी पिन

‘हात नको लावू व माय, मरी जाशी!’

गिटारचा जॅक हातात धरून मी जागीच फ्रीझ. माझे धुळ्याचे मामा माझ्याशी एरवी अहिराणीत बोलत नाहीत, ओरडणं तर लांबच. पण माळ्यावरून काढलेला त्यांचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मी थेट बोर्डात खोचायला निघाले होते...

जरा फ्लॅशबॅक. १९७०च्या दशकात मामांचा लग्नाबिग्नात वाजवणारा ऑर्केस्ट्रा होता. गिटारसाठी वेगळा अ‍ॅम्प वगैरे चैन नव्हती. भोंग्यांसाठी बनलेल्या या डब्यातच गिटार घुसवायची. एका लग्नात मित्राने एका गाण्यापुरती मामांची गिटार घेतली, तारांवर हात ठेवून ओठ माइकला लावले आणि स्टेजवर आडवाच झाला. वाचला. पण मामांनी गिटार कायमची खुंटीला टांगली. घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं.

स्टोन द क्रोज बँडचा लेस हार्वे वाचला नाही. १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर माइकला हात लागला आणि संपलं.

खेळ सिंपल असतो. जुन्या अ‍ॅम्पला दोनच पिनांची वायर. आत मेन्सपासून लोखंडी चासीकडे जाणारा एक छोटा कंडेन्सर, गुणगुण कमी करायला. तो शॉर्ट झाला आणि प्लग उलटा बसला की अख्खी चासी लाइव्ह. चासीला जोडलेल्या गिटारच्या ताराही लाइव्ह. माइक दुसऱ्या मशीनवर अर्थ झालेला. मधला पूल म्हणजे आपण! बाहेरच्या देशांत त्या कंडेन्सरला चक्क ‘डेथ कॅप’ म्हणतात.

मग धूड गाडीत टाकून पारोळा, एरंडोल करत जळगाव. तिथले रेडिओ रिपेअरवाले काका सत्तरीचे. झाकण उघडून त्यांनी आधी व्हॉल्व्हवरची धूळ फुंकली. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे दोन ईएल-८४! बीटल्स वाजवायचे त्या व्हॉक्स एसी-३० मध्ये याच जातीचे चार असतात. मी सॉलिड खूश.

‘काही बदलू नका, आवाज जाईल,’ मामा म्हणाले. इंटरनेटवरची विंटेजप्रेमी पब्लिकही हेच म्हणते. मी मात्र काकांच्या पार्टीत. आवाज बनतो तो व्हॉल्व्ह आणि ट्रान्स्फॉर्मरमध्ये, ते ठेवलेच. पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर मात्र आतून वाळलेले. जळगावच्या उन्हाळ्यात माणूस वाळतो, तिथे त्यांचं काय! नवे घेतले तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण ४५० व्होल्टचे. कमी व्होल्टचा कंडेन्सर फुटतो. व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारे लीक झालेले कंडेन्सरही काढले, नाहीतर व्हॉल्व्ह लाल होऊन ट्रान्स्फॉर्मरला घेऊन मरतो. डेथ कॅप कापून फेकली. फेजवर फ्यूज आला. आणि तीन पिनांची वायर, तिची हिरवी तार चासीला घट्ट बोल्टने.

मग सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब. तो भपकन पेटून मंद झाला. पेटलेलाच राहिला असता तर आत शॉर्ट. या टेस्टला रेक्टिफायर सोडून बाकी व्हॉल्व्ह काढलेले होते. स्विच बंद केला, प्लग काढला, चहा आला. चहा संपल्यावर काकांनी एक हात खिशात घालून दुसऱ्याने मीटर लावला.

२४० व्होल्ट. प्लग जमिनीवर लोळतोय आणि आत २४० व्होल्ट!

‘ताई, याले आधी झोपवा लागीन,’ म्हणत त्यांनी मोठ्या वॅटचा रेझिस्टर टेकवला आणि मीटर शून्यावर येईपर्यंत धरून ठेवला. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढणारे हिरो मी पाहिलेत, तसलं काही नाही. त्यामुळे हे वाचून तुम्ही घरी झाकण उघडायला बसू नका, प्लीज. तुमच्या गावातला असा काका शोधा.

शेवटी भोंग्यांच्या १०० व्होल्ट लाइनवरून वायर काढून ८ ओहमच्या टर्मिनलवर स्पीकर लावला. स्पीकरशिवाय हा अ‍ॅम्प चालवायचा नाही, आऊटपुट ट्रान्स्फॉर्मर जातो.

धुळ्याला आलो. मी ऐटीत तीन पिनांचा प्लग लावणार, तोच मामांनी टेस्टर मागितला आणि बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती! जुन्या घरात अर्थिंग कधी झालंच नव्हतं. सात हजारांचं रिपेअर आणि हिरवी तार हवेत.

दोन दिवसांनी अंगणात इलेक्ट्रिशियनने खड्डा खणला; मीठ, कोळसा, पाइप, सगळं शास्त्रशुद्ध. मीटरने तपासल्यावर मामांनी स्वतः स्विच दाबला. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले. गिटार त्यांनी मांडीवर घेतली, पण तारांना लावण्याआधी हाताची पालथी बाजू एकदा चासीला टेकवून पाहिली.

खान्देशच्या उन्हात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की उपयोग नाही, असं इलेक्ट्रिशियनने सांगितलंय. मामी फोनवर वैतागून सांगत होत्या, रोज सकाळी तुळशीच्या आधी तिथे तांब्या रिकामा होतो म्हणून.