कोंबडे झाकाल, रोग कसा झाकाल?

कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आमच्या खेड्यातील आयाबायांना कोणा शास्त्रीबुवाने शिकवावी लागत नाही. पण खुराड्यात एका रात्रीत चारपाच कोंबड्या माना टाकून पडल्या, म्हणजे तीच शहाणी बाई त्या पदराआड करून गावाबाहेरच्या नाल्यात भिरकावून येते आणि शेजारणीला सुगावा लागू देत नाही. उरलेल्या कोंबड्या लगेच आठवडी बाजारात जातात. ह्यात तिचा दोष किती आणि तिला असे करावयास लावणाऱ्या कारभाराचा दोष किती, ह्याचा आज सरळ हिशेब मांडावयाचा आहे. कारण ह्या झाकाझाकीत कोंबडी तर जातेच, पण तिच्या पाठोपाठ माणूस आणि वाघही जाण्याची वेळ आली आहे.

वाघाचे नाव उगीच घेतलेले नाही. मोहर्लीच्या फाटकातून ताडोब्याचा वाघ पाहावयास देशोदेशीचे लोक पैसे मोजून येतात. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात माणसांशी झगडा झाल्यामुळे पकडून नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात नेलेले तीन वाघ डिसेंबर २०२४ मध्ये मेले. केंद्रातील एक बिबट्याही मेला. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ च्या आरंभी निकाल आला की रोग बर्ड फ्लू, जात एच५एन१. जनावरांना खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर संशय गेला. त्याच महिन्यात ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली गावी कोंबड्यांत हाच रोग निघाला. मोहर्ली ताडोब्याच्या जंगलाच्या एका अंगाला आणि ब्रह्मपुरी दुसऱ्या अंगाला. मध्ये वाघाचे रान आणि भोवती आमच्या शेतकऱ्यांची, गोंड बांधवांची, बुरूड-लोहार-कुंभारांची वस्ती. रोगाला ह्या दोन्ही अंगांत काही भेद नाही.

वाघ मेला की पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत बातमी येते. तसे झालेच पाहिजे. वाघ देशाचे धन आहे. पण गरिबाच्या घरच्या दहा कोंबड्या मेल्या तर त्याची दाद कोण घेतो? कोंबडी ही आमच्या घरातील बाईची गाठीची पुंजी होय. पोराची वही-पुस्तके, मिठामिरचीचा खर्च, दुखण्याबाणाण्यात मोटारीचे भाडे हे सारे अंडी विकून निघते. बैल नवऱ्याचा, शेत सासऱ्याच्या नावचे, पण कोंबडी तिची. ती मेली तर कोणी विचारीत नाही, आणि विचारले तर उरलेल्याही मारून टाकण्यासाठीच विचारले, असा तिचा समज आहे. मग ती झाकील नाही तर काय करील?

आता रोग काय आहे ते समजून घ्या. हा विषाणूचा रोग आहे. विषाणू इतका बारीक की मिलिमीटरभर रेघेत तसे दहा हजार सहज बसतील. त्याला स्वतःचे पोट नाही, हातपाय नाहीत. तो दुसऱ्या जिवाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडून आपल्यासारखे हजारो करवून घेतो. वेठबिगार घेणाऱ्या सावकाराचीच ही रीत म्हणा ना! हा विषाणू मुळात पाणबदकांच्या पोटातला. थंडीत दूरदेशची बदके विदर्भातल्या तळ्यांवर उतरतात. पुष्कळदा बदक स्वतः धडधाकट दिसते, पण त्याच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात पडतो. तेच पाणी कोंबडी पिते, किंवा त्या चिखलाने माखलेला माणसाचा पाय खुराड्यापर्यंत येतो, आणि मग रोग वणव्यासारखा पेटतो. कोंबडीचा तुरा आणि गलोल निळसर पडतात, डोके सुजते, नाकातोंडातून पाणी गळते, अंडी मऊ कवचाची पडतात; कित्येकदा तर काहीच न दिसता सकाळी खुराडे उघडावे तो सारी मेलेली. अशा कोंबडीवर औषध नाही. दुकानातून जी जंतुनाशक गोळी आणून पाण्यात कालवितात, ती जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही; तो पैसा पाण्यातच गेला समजा. अंगारा आणि नवस ह्यांनीही काही होत नाही. देवीचा कोप म्हणून कापलेले कोंबडे जर रोगी असेल, तर कापणाऱ्याच्या हाताला रक्त लागते आणि देवी मध्ये पडत नाही.

रोग गावोगाव नेतो कोण? पाखरे थोडा नेतात. पुष्कळसा आपण नेतो. आजारी खुराड्यातील उरलेली कोंबडी पाय बांधून सायकलला उलटी लटकली की रोग बाजारात गेला. व्यापाऱ्याच्या एका डालग्यात पाच गावची कोंबडी भरली की रोग पाच गावांस वाटला गेला. आणि आमच्या भागातला कोंबडबाजार! कायद्याने बंद असूनही झाडीत चोरून भरतोच. चार गावचे कोंबडे पायाला काती बांधून झुंजवितात, रक्त उडते, जखमी कोंबडा मालक हाताने पुसतो आणि हरलेल्याचे मांस घरी जाते. ह्या खेळात पैसा बुडतो हे आम्ही अनेकांकडून ऐकतो; रोग मात्र जिंकणारा आणि हरणारा दोघेही घरी नेतात, हे कोणी सांगत नाही.

नाल्यात फेकलेल्या कोंबडीची गोष्ट ह्याहून वाईट. ती कुत्रा ओढतो, कावळा टोचतो, कोल्हा नेतो, आणि जंगलाच्या कडेला बिबट्याही नेतो. मांजराच्या जातीला हा रोग किती जड जातो हे थायलंडात दिसले. तेथे श्रीराचा येथील व्याघ्रालयात ऑक्टोबर २००४ मध्ये वाघांना रोगी कोंबड्यांचे कच्चे मांस घातले गेले. ४४१ वाघांपैकी १४७ वाघ मेले किंवा मारावे लागले. मोहर्लीच्या माणसाची रोजी आज पुष्कळ अंशी वाघावर आहे. कोणी वाटाड्या आहे, कोणी गाडी चालवितो, कोणी पाहुण्यांच्या निवासात राबतो. फेकलेल्या कोंबडीने ती रोजीही धोक्यात येते, एवढे ध्यानात घ्यावे.

माणसाचे काय? घाबरून जाण्याचे कारण नाही, पण गाफील राहण्याचेही नाही. १९९७ साली हाँगकाँगात हा विषाणू प्रथम माणसांत शिरला. १८ जणांना झाला, त्यांपैकी सहा दगावले. २००३ पासून जगात नऊशेंहून अधिक माणसांना तो झाल्याची नोंद आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी मेली. म्हणजे रोग माणसाला क्वचित होतो, पण झाला तर सोडीत नाही. माणसाकडून माणसाला तो अजून सहज जात नाही. विषाणू मात्र सारखा रूप पालटीत असतो. म्हणून तो जितका कमी पसरेल तितके जगाचे भले. शिजविलेल्या मांसात आणि उकडलेल्या अंड्यात भय नाही. ७० अंश उष्णता आतपर्यंत पोचली की विषाणू मरतो. भय आहे ते मेलेली कोंबडी सोलण्यात, पिसे उपटण्यात, आतडी काढण्यात. आणि गरिबाघरी 'मेली तरी फुकट का घालवा' म्हणून हे काम करते कोण? बाई, आणि तिच्या शेजारी बसलेले लेकरू. मेलेल्या कोंबडीला हात लागल्यावर दोनचार दिवसांनी, आठवड्याने, ताप, खोकला, धाप लागली तर भगताकडे वा गावातल्या सुईवाल्याकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठावा आणि 'घरी कोंबड्या मेल्या' हे आधी सांगावे. माणसासाठी ओसेल्टामिविर नावाचे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत पोटात गेले तर गुण अधिक.

आणखी एक घोटाळा आहे तो सोडविला पाहिजे. आमच्या खेड्यांत कोंबड्यांची मर येते ती बहुतेक वेळा मानमोडीची, ज्याला डॉक्टर राणीखेत म्हणतात. तोही विषाणूच, पण जात निराळी. आणि त्यावर लस आहे. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात वा नाकात थेंब आणि आठ आठवड्यांचे झाल्यावर टोचणी, एवढ्यावर ती टळते. दोन्ही रोगांत कोंबडी मरताना सारखीच दिसते. नुसत्या डोळ्यांनी भेद करणे डॉक्टरलाही कठीण, मग आपण 'मानमोडीच असेल' असे म्हणून गप्प कसे बसतो? मानमोडीची लस सर्वांनी टोचून घेतली तर दर वर्षीचा घाटा वाचेल, आणि तरीही कोंबड्या धडाधड मेल्या तर ही मर नेहमीची नव्हे, हे लगेच कळेल.

आता सरकारच्या दारात जाऊ. २००९ च्या कायद्याने जनावरांत व पक्ष्यांत साथीचा रोग दिसल्यास खबर देण्याचे बंधन मालकावर आणि ग्रामपंचायतीवरही घातले आहे. रोग ठरला की भोवतालच्या पट्ट्यातील पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. मारलेल्या जिवंत पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची भरपाई मिळते. त्याआधी रोगाने मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. ह्या नियमाचे दोन अर्थ होतात. पहिला आपल्यासाठी: जितकी खबर लवकर, तितके पक्षी जिवंत मोजले जातील आणि तितका पैसा पदरात पडेल, झाकणाराचेच नुकसान होते. दुसरा सरकारसाठी: खबर वेळेवर दिली, पण डॉक्टर चार दिवसांनी आला आणि तोवर सारे खुराडे मेले, तर दंड कोणी भरावयाचा? कायदा मालकाला बांधतो, पण कचेरीला कोण बांधतो?

धाकाने साथ आवरत नाही, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग असता रँडसाहेबाचे गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकीत. लोक भयाने रोगी दडवीत आणि रोग आतल्या आत वाढे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. सोजीर आले की रोगी दडत. सावित्रीबाईंपासून रोगी दडविण्याचे कोणास कारण नव्हते. शंभरावर वर्षे लोटली तरी हा फरक ज्याला कळला त्यालाच साथ आवरता येईल. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात देशात प्रथम हा रोग निघाला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ साली परभणीच्या मुरुंब्यात आणि पुन्हा नवापुरात तेच झाले. मोठा कारखानदार बँकेच्या पैशावर पुन्हा उभा राहतो. दहा कोंबड्यांच्या मालकिणीला बँक ओळखत नाही.

सबब आमचे मागणे येणेप्रमाणे आहे. खबर पोचल्यापासून ठराविक वेळात डॉक्टर गावात यावा, आणि खबर दिल्यानंतर मेलेले पक्षीही भरपाईत धरावे. भरपाई गावरान कोंबडीच्या बाजारभावाला धरून असावी आणि कोंबडी जिची, तिच्याच हाती पडावी. पुन्हा पक्षी पाळण्याची मोकळीक झाली की तिला पिल्ले द्यावी. मानमोडीची लस थंडीच्या आधी जंगलकाठच्या प्रत्येक गावात ठरलेल्या दिवशी यावी. आणि हे सारे ज्ञान मराठीत व गोंडीत, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत, बाजाराच्या दिवशी सांगितले जावे. वाघाच्या रक्षणासाठी जो पैसा येतो त्यातला थोडा कोंबडीच्या लसीला लावला तर तो वाघाच्याच कामी येईल.

आणि शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्याही पदरी काम आहे. कोंबड्या एकाएकी मेल्या तर हात लावू नका. लावावाच लागला तर हाताला पिशवी आणि तोंडाला फडके बांधा, मग साबणाने हात धुवा. ह्या विषाणूचे आवरण चरबीचे आहे. साबणाने ते विरघळते. मेलेला पक्षी फेकू नका, सोलू नका, उरलेले विकू नका. पोरे, कुत्री, मांजरे दूर ठेवा. ग्रामपंचायतीस व जनावरांच्या दवाखान्यास सांगा, किंवा १९६२ ह्या क्रमांकावर फोन करा. पुरण्यास सांगितले तर खोल खड्डा करून वर चुना टाका. तळ्याकाठी कोंबड्या सोडू नका. आणि शेजारणीच्या कोंबड्या मेल्या तर तिला पांढऱ्या पायाची म्हणू नका. तिने खबर दिली म्हणून तुमचे खुराडे वाचले असेल. अफवाही उठवू नका. २०२० साली कोंबडीने करोना होतो अशी खोटी वार्ता उठली आणि कोंबडीवाल्यांचा धंदा बसला. त्या वार्तेत एकाही रोग्याचा जीव वाचला नाही.

ज्या बाईच्या कोंबड्या मेल्या तिने ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभे राहून 'माझ्या घरी मर आली' असे मोठ्याने सांगावे, आणि सरकारने तिचा जबाब वाघाच्या पंचनाम्याइतक्याच आदराने लिहून घ्यावा. तिला ती हिंमत यावयाची असेल तर तिच्या पाठीशी आधी गावाने उभे राहिले पाहिजे, आणि मग गावाने सरकारला उभे केले पाहिजे.